अ‍ॅटिकची झडप बंद असेल तर? अमेरिकेत घर घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत मी होम इन्स्पेक्टर म्हणून काम करतो, म्हणजे घर विकत घेण्याआधी ते तपासून रिपोर्ट देतो. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी कुटुंबं बरीच असतात. पहिलंच घर, शाळा बघून ठरवलेलं गाव, भारतातून आईवडील राहायला यायचे असतात. रिपोर्ट संध्याकाळी ईमेलने जातो आणि रात्री जेवणं उरकली की फोन येतो, ‘दादा, अ‍ॅटिकपुढे नॉट इन्स्पेक्टेड लिहिलंय. त्याचं काय करायचं?’ त्या फोनवर जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहिलं आहे. अ‍ॅटिक म्हणजे सिलिंग आणि छत यांच्यामधली पोकळी, आणि झडप म्हणजे तिच्यात जायच्या वाटेवरचं सिलिंगमधलं झाकण.

नॉट इन्स्पेक्टेड म्हणजे तिथे सगळं ठीक आहे असंच ना?

नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तिथे कोणी पाहिलेलं नाही. छत चांगलं असेल, कदाचित कुजलेलंही असेल. रिपोर्ट त्याबद्दल काहीच सांगत नाही. ऐंशी पानी रिपोर्टमध्ये लाल अक्षरांतल्या दोषांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. नळ गळतो, प्लगला अर्थिंग नाही, यावर विकणाऱ्याशी घासाघीस होते आणि ही एक ओळ तशीच राहून जाते. मला तळमळीने सांगावंसं वाटतं ते हेच. गळका नळ शंभर-दोनशे डॉलरमध्ये बदलून होतो, छताचं तसं नाही. न पाहिलेल्या जागेला दोषाइतकंच महत्त्व द्या.

इन्स्पेक्टरनेही नुसतं ‘पाहिलं नाही’ लिहून सुटू नये. जे तपासलं नाही ते का तपासलं नाही, याचं कारण रिपोर्टमध्ये द्यावंच लागतं. सोबत बंद झडपेचा फोटो हवा. कारण लिहिलेलं नसेल तर त्याच दिवशी फोन करून विचारा.

झडप तर समोर दिसत होती. तुम्ही उघडली का नाही?

घर अजून तुमचं नाही म्हणून. मला पैसे तुम्ही देता, पण मी उभा असतो दुसऱ्याच्या घरात. दिसणाऱ्या आणि काही न मोडता उघडणाऱ्या गोष्टी तपासायच्या, असं या कामाचं स्वरूप आहे. अ‍ॅशी या इन्स्पेक्टरांच्या जुन्या संस्थेच्या नियमावलीत तपासणीच्या झडपेची व्याख्याच दिली आहे. ती सहज हाताशी असावी, एका माणसाला उघडता यावी आणि जागच्या जागी सील केलेली नसावी. इंटरनॅची या इन्स्पेक्टरांच्या दुसऱ्या संस्थेच्या नियमांतही झडपेभोवतीचा रंग किंवा सील तोडण्याचं बंधन इन्स्पेक्टरवर नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी हे नीट पाळलं नव्हतं. एका घरात रंगाने चिकटलेली झडप तळहाताने वर ढकलली. झडप सुटली, पण तिच्याबरोबर सिलिंगचा रंग आणि ड्रायवॉलचा (सिलिंगच्या जिप्सम बोर्डाचा) कागद हातभर लांब सोलून आला. घरमालकीण एक वयस्कर बाई होत्या, एकट्याच राहणाऱ्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या वर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन मी पुट्टी भरली, रंग दिला. जुन्या रंगाशी तो जुळला नाही. तेव्हापासून परवानगी असल्याशिवाय मी सीलला हात लावत नाही.

‘बंद’ म्हणजे नेमकी कशी बंद?

याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. रंगाने चिकटलेली झडप सगळ्यात जास्त वेळा भेटते. रंगाऱ्याने सिलिंगबरोबर तिच्यावरूनही रोलर फिरवलेला असतो. काही ठिकाणी कडेने सीलंट भरलेलं असतं, काही ठिकाणी स्क्रू मारलेले असतात. कधी झडप असते, पण ती वॉक-इन क्लॉजेटमध्ये, तीन फळ्या कपड्यांनी आणि बॅगांनी खच्चून भरलेल्या, त्यांच्यावर. दुसऱ्याचं सामान हलवणं हेही आमच्या कामात बसत नाही. गॅरेजमध्ये झडपेच्या बरोबर खाली गाडी उभी असते.

मग असतात सुटं, फुंकून भरलेलं इन्सुलेशन (घरातली उष्णता अडवणारा थर) थेट झडपेच्या पाठीवर रचलेली घरं. अशी झडप उचलली की पांढऱ्या-करड्या कापसाचा ढीग बेडरूममध्ये कोसळतो. आणि शेवटचा, सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे नवीन ड्रायवॉल लावून झडप पूर्ण झाकून टाकलेली. तिथे वरती जायची वाट होती हेसुद्धा कळत नाही.

अ‍ॅटिकमध्ये एवढं बघण्यासारखं असतं तरी काय?

आपल्याकडचा माळा म्हणजे जास्तीची पातेली, गाद्या, कौलारू घरात पावसाळ्याची लाकडं ठेवायची जागा. इथे त्या पोकळीत छताचा सगळा सांगाडा, इन्सुलेशन, वायरी, बाथरूमच्या पंख्यांचे पाइप आणि अनेक घरांत हीटिंग-कूलिंगचं यंत्रही असतं. घराच्या खोलीत उभं राहून यातलं काहीच दिसत नाही.

पहिली गोष्ट पाणी. छताची गळती सिलिंगवर डाग पडण्याच्या बऱ्याच आधी वरच्या प्लायवूडवर दिसते, विशेषतः चिमणीभोवती आणि जिथे पाइप छतातून बाहेर पडतात तिथे. दुसरी गोष्ट वाफ. बाथरूमच्या पंख्याचा पाइप छताबाहेर न काढता अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. थंडीत ती ओली हवा गार प्लायवूडला लागून तिथेच थिजते. छताचे खिळे आतून गंजलेले असतात, प्रत्येकाच्या टोकाला दंवाचा थेंब आणि मधल्या लाकडावर काळी बुरशी. खाली त्या बाथरूमच्या टाइल्स मात्र चकाचक.

न्यू जर्सीत टाउनहाउस, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या रांगेतलं घर, घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी नेहमी वेगळी सांगतो. 1980च्या दशकात इथे दोन घरांमधल्या अग्निरोधक भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट छताला रसायन लावलेलं, आग न पकडणारं प्लायवूड वापरायची पद्धत होती. ती भिंत छताच्या वर काढण्याऐवजी केलेली ही सोय होती. अ‍ॅटिकच्या उन्हाळी उष्णतेत त्यातली काही रसायनं लाकडालाच खाऊ लागली. असं प्लायवूड चॉकलेटी होतं, त्याचे पापुद्रे सुटतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की शिळ्या भाकरीसारखा तुकडा मोडून हातात येतो. बाहेरून शिंगल्स (छतावरचं तुकड्यांचं आवरण) व्यवस्थित दिसतात, पण त्यावर चढलेल्या माणसाचा पाय आत जाऊ शकतो. अ‍ॅटिकमधून ते पाहायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं बंद झडपेमुळे हुकली तर मला खरंच चैन पडत नाही. त्या काळातल्या टाउनहाउसचं अ‍ॅटिक न बघता घर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

जुन्या, 1940च्या आधीच्या घरांत चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या उघड्या वायरी असतात. त्या हवेत थंड राहाव्यात अशा बेताने बसवलेल्या असतात. नंतर कोणी त्यांच्यावर इन्सुलेशन पसरलं की धोका वाढतो. बाकी खारींची आणि रॅकूनची घरं, कोणीतरी पाइप न्यायला कापून टाकलेले ट्रस (छत पेलणारे लाकडी सांगाडे), अंतर सोडून पसरलेलं इन्सुलेशन, हे तर नेहमीचंच.

झडप सील केली म्हणजे विकणाऱ्याला काही लपवायचं आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि असा आरोप घाईने करू नका. वीजबिल कमी करण्यासाठी घरातली गरम हवा वर जाऊ नये म्हणून अनेक जण झडपेच्या फटी सीलंटने बुजवतात. वरती काही ठेवायचं नसतं, वीस वर्षांत कोणी गेलेलं नसतं. घरमालकालाही आत काय आहे ते ठाऊक नसतं.

पण आजूबाजूला बघा. बाकीचं सिलिंग जुनं, पिवळट आणि झडपेभोवती मात्र ताजा पांढरा रंग असेल, त्याच खोलीत डाग झाकल्यासारखा चौकोन दिसत असेल, शेजारच्या घराचं छत नुकतंच बदललेलं असेल, तर मी रिपोर्टमध्ये जे दिसलं ते तसंच लिहितो. हेतूबद्दल लिहीत नाही. तो मला दिसत नाही.

न उघडता काहीच कळत नाही का?

थोडंफार कळतं. त्रिकोणी भिंतीवरच्या झरोक्यातून टॉर्च मारून आत डोकावता येतं. शिंगल्सची अवस्था, छताच्या कडेला आलेला झोल, भिंत जिथे छताला मिळते तिथले पत्रे बाहेरून तपासता येतात. वरच्या मजल्याच्या प्रत्येक सिलिंगवर मी टॉर्च आडवी धरून बघतो. उंचसखलपणा आणि जुने, रंगवलेले डाग तशाच प्रकाशात उठून दिसतात. थर्मल कॅमेऱ्याने कुठे इन्सुलेशन नाही आणि कुठे ओल आहे ते कळू शकतं.

कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका मात्र. आत-बाहेर तापमानात पुरेसा फरक असेल तरच तो काही दाखवतो, आणि त्याला आजची ओल दिसते. गेल्या मार्चमध्ये गळलेलं छत जुलैच्या कोरड्या दुपारी त्याला दिसत नाही. कुजलेलं प्लायवूड तर नाहीच नाही.

मीच पटकन कटरने रंग कापून उघडलं तर?

नको. सह्या झाल्या असल्या तरी क्लोजिंग, म्हणजे घर तुमच्या नावावर होईपर्यंत घर विकणाऱ्याचं आहे. नुकसानीचा वाद लागला की पुढची सगळी बोलणी कडवट होतात.

दुसरं कारण तब्येतीचं आहे. जुन्या घरांत इन्सुलेशन म्हणून व्हर्मिक्युलाइट ओतलेलं असतं. करडे-सोनेरी, चकाकणारे, पानांच्या चवडीसारखे दिसणारे खडे. 1919 ते 1990 या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मोंटानातल्या लिबी गावाजवळच्या एकाच खाणीतून आलं, आणि त्या खाणीतल्या खनिजात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्ला सरळ आहे, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच समजा आणि त्याला हलवू नका. झडप उघडल्या उघडल्या हे खडे अंगावर आले तर काय होईल याचा विचार करा. घर जुनं असेल तर उघडणाऱ्यालाही हे आधी सांगा.

मग उघडायची कोणी आणि कधी?

विकणाऱ्याने, किंवा विकणाऱ्याच्या लेखी परवानगीने सुताराने. आणि करारात इन्स्पेक्शनसाठी ठरलेली मुदत संपायच्या आत. न्यू जर्सीत सह्यांनंतर वकिलांच्या पडताळणीचे तीन कामाचे दिवस असतात, इन्स्पेक्शनची मुदत करारात लिहिलेली असते. तुमच्या वकिलाला पहिल्याच दिवशी तारीख विचारून फ्रिजवर लावा. ती तारीख गेली की झडपेचा विषय विकणाऱ्याच्या सौजन्यावर राहतो.

तपासणीच्या आधीच एजंटला विचारायला सांगा: अ‍ॅटिकची वाट कुठे आहे, उघडते का, खाली सामान आहे का? निम्म्याहून जास्त घोळ या एका प्रश्नाने टळतो असा माझा अनुभव आहे. तरीही झडप बंदच निघाली तर एजंटला फोनवर न सांगता लिहून पाठवा. मजकूर साधारण असा असावा: ‘हॉलवेमधली अ‍ॅटिकची झडप रंगाने बंद असल्यामुळे तपासणी झाली नाही. विकणाऱ्यांनी ती अमुक तारखेपर्यंत उघडून द्यावी. रंगाच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च आम्ही करू. त्यानंतर आमच्या इन्स्पेक्टरला पुन्हा यायची परवानगी द्यावी.’ खर्चाचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावतो. सिलिंगच्या एका चौकोनाला रंग देण्याचा खर्च फार नसतो, आणि ते वाक्य वाचलं की बहुतेक विकणारे तयार होतात.

त्यांनी ठाम नकार दिला तर वकिलाशी बोला. मुदत वाढवून घेता येते, किमतीत तजवीज मागता येते किंवा घर सोडता येतं. माझ्या सख्ख्या बहिणीला मी काय सांगेन? छत जुनं असेल किंवा वर सांगितलेल्या काळातलं टाउनहाउस असेल तर सोडून दे म्हणेन.

पुन्हा यायचे पैसे पडतात का?

हो, बहुतेक जण वेगळी फी घेतात. ती आधीच विचारून घ्या.

आम्ही टेक्ससमध्ये घर घेतोय. तिथेही असंच?

तत्त्व तेच, आकडे मात्र स्पष्ट लिहिलेले आहेत. टेक्ससच्या राज्य नियमांप्रमाणे वाट 22 × 30 इंचांपेक्षा लहान असेल किंवा आत डोक्यावर 30 इंचांपेक्षा कमी जागा असेल तर इन्स्पेक्टरला आत शिरण्याचं बंधन नाही. रिपोर्टचा फॉर्मही राज्याने ठरवलेला आहे. प्रत्येक ओळीपुढे चार चौकोन असतात: तपासलं, तपासलं नाही, अस्तित्वातच नाही, सदोष. अ‍ॅटिकपुढे दुसऱ्या चौकोनात खूण दिसली की थांबा. तिथे अनेक घरांत फर्नेस आणि पाणी तापवायची टाकीसुद्धा अ‍ॅटिकमध्येच असते, म्हणजे न पाहिलेल्या गोष्टींची यादी आणखी लांबते. मुदतीचं काम तिथे ऑप्शन पिरियड, म्हणजे करारातून बाहेर पडता येण्याचा काळ, करतो. त्यासाठी तुम्ही वेगळी रक्कम मोजलेली असते, तेव्हा त्यातला प्रत्येक दिवस वापरा.

इन्स्पेक्टर म्हणाला, ‘फार गरम आहे, वर जाणार नाही.’ हे चालतं?

चालतं. ऑगस्टच्या दुपारी अ‍ॅटिकमध्ये 130 अंश फॅरनहाइटच्या वर पारा जातो, आणि तिथे चक्कर आली तर माणूस सिलिंग फोडून खाली येतो. पण त्याने झडपेतून डोकं घालून जेवढं दिसेल तेवढं बघितलं का, ते विचारा. उन्हाळ्यात तपासणी सकाळी आठची ठरवा, हा प्रश्नच येत नाही.

घराला झडपच नाही. हे नियमबाह्य आहे का?

सरसकट नाही. घरबांधणीच्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेनुसार, जी बहुतेक राज्यांनी आपापल्या बदलांसह स्वीकारली आहे, अ‍ॅटिकचं क्षेत्र 30 चौरस फुटांपेक्षा जास्त आणि उंची 30 इंच किंवा अधिक असेल तर वाट हवी. ती किमान 22 × 30 इंच, हॉलवेसारख्या सहज पोचता येणाऱ्या जागी. पण संहिता येण्याआधीच्या घरांना ती मागे जाऊन लागू होत नाही. जिथे सिलिंग छताच्या उतारालाच चिकटलेलं आहे तिथे अ‍ॅटिक नसतंच. आणि घराला मागून जोडलेल्या भागाचं वेगळं छोटं अ‍ॅटिक असतं, ज्याकडे मुख्य अ‍ॅटिकमधून जाता येत नाही; त्याबद्दल मुद्दाम विचारा. वाढवलेल्या स्वयंपाकघरांचे घोटाळे तिथेच सापडतात.

घर घेतल्यावर नवीन वाट करायची असेल तर ट्रस कापू देऊ नका. ट्रस साधारण 24 इंचांवर बसवलेले असतात, मध्ये साडेबावीस इंच मोकळे राहतात, आणि 22 इंचांची चौकट त्यात बरोबर मावते. ‘जरा मोठी करून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराला नाही म्हणा.

आमचं कर्ज एफएचएचं (सरकारी हमी असलेलं) आहे. बँकेचा माणूस अ‍ॅटिक बघेलच ना?

एफएचए कर्जात मूल्यांकन करणाऱ्याने अ‍ॅटिक पाहणं अपेक्षित असतं. आत शिरता येत नसेल तर निदान डोकं आणि खांदे आत घालून. पण वाटच नसेल तर तसं रिपोर्टमध्ये नोंदवलं की त्याचं काम होतं, सिलिंग कापायला कोणी सांगत नाही. शिवाय ते मूल्यांकन बँकेसाठी असतं. तुमच्या इन्स्पेक्शनची जागा ते घेत नाही.

आम्ही आमचं घर विकतोय. आमच्याकडून काय तयारी हवी?

झडपेखालची जागा रिकामी करा. मराठी घरांत अ‍ॅटिकमध्ये काय असतं ते मला पाठ झालंय: गणपतीचं थर्माकोलचं मखर, दिवाळीचे कंदील, भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा, मुलांच्या पाळण्याचे सुटे भाग. यातलं बरंचसं झडपेच्या तोंडाशी रचलेलं असतं, कारण तुम्ही आत जात नाही, हात पोचेल तिथे ढकलता. ते काढा. रंगाने चिकटली असेल तर कडेने कटर फिरवून स्वतःच मोकळी करा, आता घर तुमचं आहे. वर एकदा टॉर्च घेऊन बघून या. तुमच्या छताबद्दलची वाईट बातमी खरेदीदाराच्या रिपोर्टमधून कळण्यापेक्षा दोन महिने आधी स्वतः कळलेली बरी.

उघडलेली झडप परत कशी बंद करावी? सीलंटच लावायचं का?

सीलंट नको. चौकटीच्या कडेला फोमची चिकटपट्टी लावा आणि झडपेच्या पाठीवर जाड फोम बोर्ड चिकटवा. सुटं इन्सुलेशन खाली पडू नये म्हणून भोकाभोवती प्लायवूडचा कठडा उभा करा, वरच्या इन्सुलेशनपेक्षा उंच. झडप पट्टीवर घट्ट बसावी म्हणून दोन बाजूंना साध्या कड्या लावा. हवा अडते, बिल वाचतं आणि पुढच्या वेळी वर जायला नुसती शिडी लागते.